अड्यारच्या ओंडक्याला वाली कोण?

रोइंगची नाव वल्हवणाऱ्याची पाठ नेहमी पुढच्या पाण्याकडे असते. मागे पडलेला काठ त्याला दिसतो, समोरून येणारं पाणी दिसत नाही. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ एकेरी नावेच्या शर्यतीत तेरावा आला, तेव्हा मराठी घरांतल्या कित्येकांनी हा खेळ पहिल्यांदाच नीट पाहिला आणि माणूस उलटा बसून इतक्या वेगात जातो कसा, याचं नवल केलं. ऑलिंपिकच्या पाण्यात आखलेल्या मार्गिका असतात, पंच असतात, पाणी आधी साफ केलेलं असतं. सरावाच्या नदीत यातलं काहीच नसतं. तिथे दर दहा-पंधरा वल्ह्यांनी मान मागे वळवून पाहायचं आणि मधल्या पाण्यावर भरवसा ठेवायचा, एवढंच हातात राहतं.

या एकेरी नावेचं स्पर्धेसाठीचं किमान वजन 14 किलो ठरलेलं आहे. लांबी आठ मीटरच्या आसपास, पाण्याला टेकणारी रुंदी वीतभराहून थोडी जास्त. कवच कार्बन फायबरचं आणि इतकं पातळ की ती नेताना-आणताना काचेचं भांडं हाताळावं तशी हाताळतात. आता तीन मीटर लांब आणि चाळीस सेंटिमीटर जाड झाडाचा बुंधा डोळ्यांसमोर आणा. पाणी प्यालेला असेल तर त्याचं वजन तीनशे ते साडेतीनशे किलो भरतं. पाण्याच्या वर त्याचा दहावा हिस्सा दिसला तरी खूप. उरलेला सगळा खाली, गढूळ पाण्यात. नाव ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने येते आणि बुंधा जागचा हलत नाही.

चेन्नईच्या अड्यार नदीवर हे रोजचं आहे. 1867 मध्ये स्थापन झालेला मद्रास बोट क्लब याच नदीच्या उत्तर काठावर आहे आणि इथले वल्हेकरी 1898 पासून कोलंबोच्या रोइंग क्लबशी शर्यती खेळत आले आहेत. शर्यतीच्या चषकालाही नाव अड्यारचंच. क्लबवरून पडलेल्या बोट क्लब रोडवर आज शहरातली सगळ्यात महागडी घरं आहेत. पण सकाळी साडेपाच-सहाला नाव पाण्यात उतरवणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला त्या रस्त्याच्या भावाचा काही उपयोग नसतो. तिला पाणी वाचावं लागतं. या पाण्यावर शिकलेली एक खूण फार जुनी आहे: नदीच्या मध्यावर बगळा उभा दिसला, किंवा पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला दिसला, तर त्याच्या पायाखाली ओंडका आहे असं समजायचं. पक्षी उडून गेला की खूणही जाते. ओंडका मात्र तिथेच असतो, किंवा भरतीबरोबर शंभर मीटर वर सरकलेला असतो.

या नदीत जे तरंगतं त्याला सरकारदरबारी एकच नाव आहे, कचरा. प्लॅस्टिकची पिशवी, थर्माकोलचा तुकडा, जलपर्णीचा गालिचा, मेलेलं जनावर आणि साडेतीनशे किलोचा बुंधा, सगळ्यांची नोंद एकाच रकान्यात आणि एकाच मापाने, टनांत. महिन्याला इतके टन काढले असा आकडा येतो आणि तो खोटाही नसतो. पण शंभर टन जलपर्णी काढली आणि चार ओंडके राहिले, तर वल्हेकऱ्याच्या आणि कोळ्याच्या दृष्टीने नदी तेवढीच धोक्याची राहिली. जलपर्णी नावेला थांबवते. ओंडका नाव फोडतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यातला दुसरा आजवर कुणी आपला मानलेला नाही. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की तरंगत्या लाकडाला कचऱ्याच्या यादीतून काढून नौकानयनाच्या धोक्यांच्या यादीत टाकलं पाहिजे, आणि त्यासाठी कुठलं तरी एक खातं नाव घेऊन जबाबदार धरलं पाहिजे.

मुळात एवढं लाकूड नदीत येतं कुठून, हे पाहिलं पाहिजे. अड्यार ही जेमतेम 42 किलोमीटरची नदी, शहराच्या पश्चिमेकडच्या तलावांचं जादा पाणी घेऊन येणारी. वर्षातले बरेच महिने ती नदी कमी आणि सांडपाण्याचा संथ प्रवाह जास्त असते. मग ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, बंगालच्या उपसागरात एखादं चक्रीवादळ उठतं आणि चार दिवसांत नदीचं रूप पालटतं. 12 डिसेंबर 2016 ला आलेल्या ‘वरदा’ वादळाने चेन्नईत हजारो झाडं आडवी केली. अड्यारच्या दक्षिण काठावरच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारातली आणि गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानातली जुनी झाडंही त्यात गेली. वादळानंतर रस्ते मोकळे करण्याची घाई असते, आणि ती असायलाच हवी. करवती चालतात, बुंध्यांचे तुकडे होतात, ते कडेला रचले जातात. रस्त्याकडेचे ढीग पुढे उचलले जातात. नाल्याच्या आणि नदीच्या काठावरचे मागे राहतात, कारण ते कुणाच्या वाटेत येत नाहीत. पुढच्या वर्षीचं पाणी काठावर चढलं की ते आपोआप उचलले जातात.

त्याशिवाय काठ खचून कोसळलेले नारळ आणि ताड असतात, आणि बांधकामाचे वासे असतात. तमिळनाडूत परांची बांधायला आणि मांडव उभारायला सुरूचे वासे सर्रास वापरतात. सुरूचं लाकूड जड, ओलं असताना जेमतेम तरंगणारं. असा वासा पाण्यात पडला की तो पृष्ठभागाच्या किंचित खाली आडवा लोंबकळत राहतो. त्यावर बगळासुद्धा बसत नाही.

यावर नदीमुखाची रचना भर घालते. मुंबईच्या माणसाला भरती-ओहोटी म्हटलं की चार-पाच मीटरचा फरक डोळ्यांसमोर येतो. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो आणि अडकलेलं बरंच काही समुद्रात खेचलं जातं. चेन्नईला हा फरक मीटरभराच्या आसपास. त्यात नदीच्या तोंडावर समुद्र वाळू आणून टाकतो आणि कोरड्या महिन्यांत मुख बुजत जातं. जलसंपदा विभागाला यंत्रं लावून ते पुन्हा पुन्हा उघडावं लागतं. म्हणजे आत आलेला ओंडका सहजासहजी बाहेर जात नाही. ओहोटीला थोडा खाली, भरतीला थोडा वर, असा तो त्याच दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात आठवडेच्या आठवडे फिरत राहतो. वल्हवायला ही नदी ज्या संथपणामुळे चांगली, त्याच संथपणामुळे ती धोका जपून ठेवते.

आणि तो धोका झाकते जलपर्णी. पुणेकरांना मुळा-मुठेवरची जलपर्णी सांगायला नको. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर वल्हं मारलेल्या प्रत्येकाने ती वल्ह्याच्या पात्याला आणि नावेच्या तळाच्या पराला गुंडाळलेली काढली आहे. अड्यारला ती पावसाळ्यात तलावांतून आणि नाल्यांतून सुटून हिरव्या बेटांसारखी वाहत येते. या बेटांत बाटल्या असतात, दोर असतात, कधी साप असतात आणि मुळांच्या जाळीत गुरफटलेले ओंडकेही असतात. वरून पाहणाऱ्याला ती मऊ हिरवळ दिसते.

1 डिसेंबर 2015 च्या रात्री हे सगळं एकदम आलं. त्या चोवीस तासांत तांबरमला 49 सेंटिमीटर पाऊस पडला आणि चेंबरमबाक्कम तलावातून अड्यारमध्ये 29,000 क्युसेक पाणी सोडलं गेलं. सैदापेट, कोट्टूरपुरम, जाफरखानपेट इथे घरांचे खालचे मजले बुडाले. या विसर्गाचं व्यवस्थापन कसं चुकलं यावर महालेखापरीक्षकांच्या अहवालाने नंतर ठपका ठेवला, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच झालं. त्या रात्री आणि पुढच्या तीन-चार दिवसांत शहरात नावा कुणी आणल्या, ही आठवण मात्र पुसट होत चालली आहे. कोळी आले. किनाऱ्यावरच्या कुप्पमांतून, म्हणजे तिथल्या कोळीवाड्यांतून, त्यांनी आपल्या फायबरच्या नावा ट्रकवर चढवून शहरात आणल्या आणि अनोळखी लोकांना गच्च्यांवरून उतरवलं. कित्येकांनी त्याचे पैसेही घेतले नाहीत.

ज्या पाण्यात त्यांनी नावा घातल्या, त्याचा विचार करून पाहा. समुद्रात कोळ्याला तळ ठाऊक असतो. इथे खाली कुंपणाच्या भिंती होत्या, फाटकांचे भाले होते, गाड्यांची टपं होती, विजेच्या तारा होत्या, आणि वर प्रवाहातून फर्निचर, गॅसच्या टाक्या आणि झाडं येत होती. अशा गल्लीत इंजिन बंद करून पंखा वर उचलावा लागतो आणि एकाने नाळेवर उभं राहून वाशाने पाणी चाचपत जावं लागतं. वेग गेला की प्रवाह नावेला हवा तसा ढकलतो. म्हणून परत इंजिन चालू करावं लागतं, आणि पंखा पाण्यात गेला की त्यात काय अडकेल हे देवाच्या हातात.

हे किती गंभीर असतं ते महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. 8 ऑगस्ट 2019 ला कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचे जीव गेले. नावेत क्षमतेहून जास्त माणसं होती, आणि पंख्यात झाडाच्या फांद्या अडकून तोल गेल्याचंही त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. पहिल्या कारणाची चर्चा झाली, होत राहील. दुसऱ्याकडे नशिबाचा भाग म्हणून पाहिलं गेलं. पुरात झाडं असणारच, असं म्हणून विषय संपतो. पण पुरात कुठली झाडं असणार, ती कुठे अडकणार, नाव कुठल्या वाटेने न्यायची आणि पंख्याभोवती लोखंडी पिंजरा बसवायचा की नाही, या गोष्टी पूर येण्याआधी ठरवता येतात. पिंजऱ्याला फार खर्चही येत नाही.

अड्यार जिथे समुद्राला मिळते तिथे दोन्ही बाजूंना कोळी राहतात. दक्षिणेला ऊरूर कुप्पम आणि ऑल्कॉट कुप्पम, उत्तरेला श्रीनिवासपुरम. मध्ये 1977 मध्ये कोसळलेल्या पुलाचे अवशेष अजून उभे आहेत. शहर त्याला ‘तुटका पूल’ म्हणूनच ओळखतं. या किनाऱ्यावरच्या माणसांचं लाकडाशी नातं जुनं आहे. जगभर ज्या नावेला कॅटमरान म्हणतात, तो शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून गेला: कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे तीन-चार ओंडके दोरखंडाने आवळले की नाव तयार. लाट तिच्या फटींतून आरपार जाते, म्हणून ती बुडत नाही. समुद्रावरून परतल्यावर दोर सोडायचे, ओंडके वाळूवर वर ओढून सुकत ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचे. वाहता ओंडका कट्टुमरमवर आदळला, तर लाकडावर लाकूड आदळायचं. नावेवरचा माणूस पाण्यात पडायचा, पुन्हा चढायचा.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने हजारो कट्टुमरम नेले. मदत आली ती फायबरच्या नावांच्या रूपाने, आणि दोन-चार वर्षांत किनाऱ्याचा चेहरा बदलला. नवी नाव वेगवान आहे, तिच्यात मासे जास्त मावतात, इंजिन बसवता येतं. कोळ्यांनी ती आनंदाने घेतली आणि त्यात काही चुकलं नाही. पण तिचं कवच काही मिलिमीटर जाडीचं. अंधारात, पहाटे तीन-चारला, नदीमुखासमोरच्या पाण्यातून इंजिनावर निघालेली ही नाव बुंध्यावर गेली तर तडा पडतो. नाव वाचली तर जाळं फाटतं. नदीला पूर येऊन गेल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात वाईट. ईशान्य मोसमीच्या दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, त्यामुळे कूवम नदीने मरीनाजवळ सोडलेलं आणि अड्यारने सोडलेलं असं सगळं मिळून बेझंट नगरच्या दिशेने सरकतं. किनाऱ्यावर जलपर्णीचा कुजका थर साचतो तेव्हा त्याची छायाचित्रं छापून येतात. त्याच सुमारास पाण्याखाली अर्धवट बुडालेल्या ओंडक्यात एखाद्याचं हजारो रुपयांचं जाळं अडकून फाटलेलं असतं. त्याचं छायाचित्र निघत नाही.

त्या जाळ्याची भरपाई कुणाकडे मागायची? या प्रश्नाचं उत्तर कंटेनरच्या बाबतीत मिळतं, ओंडक्याच्या बाबतीत मिळत नाही. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रावरचे सुमारे 300 कंटेनर पाण्यात पडले आणि त्यातले कित्येक जेमतेम पृष्ठभागावर राहून बंदराच्या वाटेत हिंडू लागले. देशातली दोन मोठी बंदरं, मुंबई आणि जेएनपीटी, काही दिवस बंद ठेवावी लागली. एकेक कंटेनर शोधला गेला, त्यावर पाळत ठेवली गेली, वाट मोकळी आहे याची खात्री झाल्यावर जहाजं सुटली. 25 मे 2025 ला कोचीजवळ ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज 640 कंटेनरसह बुडालं, तेव्हा केरळ सरकारने 9,531 कोटी रुपयांचा दावा लावला आणि न्यायालयाने त्याच कंपनीचं दुसरं जहाज अडकवून ठेवलं. कंटेनरला क्रमांक असतो, मालक असतो, विमा असतो. 1 जानेवारी 2026 पासून तर आंतरराष्ट्रीय नियमच असा झाला आहे की कंटेनर समुद्रात पडला किंवा तरंगताना दिसला, तर कॅप्टनने आसपासच्या जहाजांना आणि जवळच्या देशाला ते कळवलंच पाहिजे.

ओंडक्याला यातलं काहीच नसतं. तो कुठल्या महापालिकेच्या हद्दीतल्या कुठल्या झाडाचा, हे कुणी सांगू शकत नाही. नदीचं पात्र जलसंपदा विभागाचं, काठ अर्धा महापालिकेचा आणि अर्धा खासगी, नदीमुखातलं पुनरुज्जीवनाचं काम वेगळ्या न्यासाकडे, समुद्र मत्स्य विभागाचा आणि तटरक्षक दलाचा. झाड तोडणारा उद्यान विभाग. लाकूड या प्रत्येकाच्या हद्दीतून वाहत जातं आणि कुठेच थांबत नाही, म्हणून कुणाचंच होत नाही. जो कोळी अखेरीस त्यावर आदळतो, त्याचंच ते होतं. हा अन्याय आहे. तो लहान वाटतो, कारण एका वेळी एका माणसावर होतो.

दुसरीकडे हे काम कसं चालतं, ते पाहण्यासारखं आहे. न्यूयॉर्क बंदरात तरंगतं लाकूड गोळा करण्याचं काम अमेरिकी लष्कराचा अभियांत्रिकी विभाग 1915 पासून करतो. त्यासाठी त्यांच्याकडे खास बोटी आहेत, यारी आणि जाळ्यांसह. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी ठरवून टाकलं की तरंगता बुंधा म्हणजे जलमार्गातला अडथळा, आणि अडथळा दूर करणं हे जलमार्ग सांभाळणाऱ्याचं काम. कॅनडाच्या फ्रेझर नदीवर 1979 पासून एक मोठा सापळा आहे. वसंतात बर्फ वितळून पूर आला की डोंगरातून वाहत येणारी झाडं शहरांच्या बरंच वर, नदीच्या वळणावर अडवली जातात. खालच्या बंदरांत, मरिनांत आणि बोटींत होणारं नुकसान टळतं आणि त्या नुकसानीचा हिशेब मांडूनच सापळ्याचा खर्च भागीदारांत वाटला जातो. बाल्टिमोरला 2014 पासून नदीच्या मुखाशी पाण्याच्या चाकावर चालणारं यंत्र बसवलं आहे. ते काय आणि किती सापडलं याची वस्तूवार नोंद लोकांसमोर ठेवतं. रिओ ऑलिंपिकच्या आधी ग्वानाबारा उपसागरात अडथळ्यांच्या साखळ्या आणि कचरा वेचणाऱ्या बोटी लावाव्या लागल्या, कारण शिडाच्या नावांच्या तळाला पिशवी अडकली तरी शर्यत जाते आणि लाकूड लागलं तर नाव जाते, हे खेळाडू ओरडून सांगत होते.

चेन्नईने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. कूवमवर 2017 पासून तरंगते अडथळे लावले गेले, महापालिकेकडे पाण्यात आणि चिखलात चालणारी यंत्रं आहेत, नदीमुख दरवर्षी उघडलं जातं. अड्यारच्या खाडीत 58 एकरांवर केलेलं पाणथळीचं पुनरुज्जीवन तर देशात दाखवण्यासारखं आहे. 2024 च्या राज्य अर्थसंकल्पात अड्यारसाठी 1,500 कोटी रुपयांचा प्रकल्प जाहीर झाला. अशा प्रकल्पांत सांडपाणी अडवणं, काठ बांधणं, चालण्याचे मार्ग, झाडं आणि दिवे ही कामं येतात. ती हवीतच. पण नदीकाठी चालणाऱ्यांसाठी जेवढा विचार होतो, त्याच्या एक दशांशही नदीवर चालणाऱ्यांसाठी होत नाही. या नदीत नावा असतात हे प्रकल्प आखणाऱ्यांना जणू आठवतच नाही.

तरंगत्या अडथळ्याची साखळी ओंडक्याला पुरते का, हाही प्रश्न आहे. पिशव्या आणि बाटल्या तिला अडतात. पृष्ठभागाखालून येणारा सुरूचा वासा तिच्या खालून निसटतो, आणि पुराच्या वेगात आलेला बुंधा तिला तोडून नेऊ शकतो. त्यासाठी वरच्या अंगाला, सैदापेटच्याही वर, मजबूत खांबांचा सापळा लागेल आणि त्याच्याजवळ पावसाच्या दिवसांत एक क्रेन आणि दोन माणसं चोवीस तास लागतील. सापळा भरला आणि रिकामा केला नाही, तर तो स्वतःच धरण होतो आणि पाणी वस्तीत शिरतं. ही भीती रास्त आहे, म्हणूनच माणसांची नेमणूक आधी आणि लोखंड नंतर.

कोळ्यांना यात मोबदला देऊन सामील करून घेणं सगळ्यात शहाणपणाचं. केरळने 2017 मध्ये कोल्लमच्या किनाऱ्यावर ‘शुचित्व सागरम’ सुरू केलं. जाळ्यात आलेलं प्लॅस्टिक समुद्रात परत न टाकता बंदरावर आणायचं, तिथे ते घेतलं जातं. महाराष्ट्राने तर याहून थेट पाऊल उचललं आहे. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा व्हेल शार्क जाळं कापून सोडणाऱ्या कोळ्याला 2018 च्या डिसेंबरपासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी त्याला फोनवर काढलेलं छायाचित्र पुरतं. म्हणजे फाटलेल्या जाळ्याची किंमत सरकारने भरायची, हे तत्त्व आपल्याकडे मान्य झालेलं आहे. कासव वाचवताना फाटलेलं जाळं आणि शहराने नदीत सोडलेल्या बुंध्यावर फाटलेलं जाळं यांत कोळ्याच्या खिशाच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. ऊरूर कुप्पममधल्या माणसाने ओंडका ओढून किनाऱ्याला लावला तर त्याचे पैसे, आणि त्याच्यामुळे जाळं गेलं तर त्याची भरपाई, एवढी तरतूद 1,500 कोटींच्या कोपऱ्यात सहज बसते.

तलावाचे दरवाजे उघडण्याचा इशाराही नावांपर्यंत पोहोचला पाहिजे. आज तो सखल वस्त्यांना दिला जातो आणि ते बरोबरच आहे. पण विसर्ग वाढला की काही तासांत काठावरचं सगळं लाकूड उचललं जाणार, हे ठाऊक असताना बोट क्लबच्या धक्क्यावर आणि दोन्ही काठांवरच्या कुप्पमांत तो निरोप वेगळा का जाऊ नये? ‘उद्या पहाटे नदीमुखासमोर जाळं टाकू नका’ एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

एक गोष्ट इथे सांभाळली पाहिजे. पाण्यातलं प्रत्येक लाकूड काढून टाकावं, असं कुणी ठरवलं तर तेही नुकसान होईल. काठाच्या चिखलात रुतलेल्या बुंध्याच्या आडोशाला मासे अंडी घालतात, खेकडे राहतात, त्याच्यावर पाणकावळे वाळतात. अमेरिकेत आणि कॅनडात कित्येक नद्यांत असे बुंधे मुद्दाम परत टाकावे लागले, कारण साफसफाईच्या उत्साहात माशांचा आसरा गेला होता. रुतलेलं राहू द्यावं, सुटं असेल ते काढावं. हा फरक ओळखायला नदीवर रोज जाणारा माणूस लागतो. टनावर पैसे मिळणारा ठेकेदार तो करणार नाही, कारण त्याच्यासाठी दोन्हीचं वजन सारखंच भरतं.

आणि बरंचसं काम तर नदी वाहू लागण्याआधी, कोरड्यात होण्यासारखं आहे. ईशान्य मोसमी पाऊस साधारण 20 ऑक्टोबरच्या सुमारास लागतो. त्याआधीच्या पंधरवड्यात नदीच्या दोन्ही काठांनी चालत जायचं. 42 किलोमीटर, दोन काठ, म्हणजे 84 किलोमीटर. रोज सहा किलोमीटर चालणारी दोन माणसांची जोडी चौदा दिवसांत हे संपवते. एकाच्या हातात चुन्याची बादली आणि कुंचला, दुसऱ्याच्या हातात वही. 2015 च्या पुराची रेघ अजून कित्येक भिंतींवर दाखवता येते. तिच्या खाली पडलेला प्रत्येक सुटा बुंधा, प्रत्येक वाशांची मोळी, कापून ठेवलेला प्रत्येक नारळ यांवर पांढरा क्रमांक घालायचा आणि तो वहीत जागेसह उतरवायचा. मग क्रेनवाल्याला वही द्यायची, आणि पाऊस लागायच्या आत त्यातले किती क्रमांक उचलले गेले, हे श्रीनिवासपुरमच्या आणि बोट क्लबच्या फलकावर लिहायचं.